नाकाडाची चढण आणि सुनंदाची पिशवी

माणसं लेहला जातात, केरळला जातात, निदान कोकणात तरी जातात. मी तीन दिवसांची रजा टाकून जुन्नर-आंबेगावात गेलो, तो जीपला ताकद शोधायला. परत आल्यापासून कॉलेजच्या स्टाफरूममध्ये एकच प्रश्न चालू आहे, "सर, शेवटी बसवलं काय?" उत्तर एका शब्दाचं आहे. पण ते सांगितलं की समोरचा माणूस आपली टिंगल चालली आहे असं समजतो. म्हणून सगळं पहिल्यापासून सांगतो.

मी पुण्यात अकरावी-बारावीच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवतो. पाच वर्षांपूर्वी मी एक जुनी डिझेल जीप घेतली. हिरवा रंग, मागच्या दारावर ठळक अक्षरांत ‘फोर बाय फोर’. ती अक्षरं वाचूनच मी घेतली म्हणा ना. पुढे हौसेनं तिला हातभर रुंद, उंच चाकं बसवली, बंपरवर दिवे लावले, छतावर एक फावडं बांधलं. फावड्याला अजून माती लागलेली नाही. माझी बायको सुनंदा हे सगळं शांतपणे बघत आली. गाडीत तिची अशी जागा एवढीच, की दोन सीटच्या मधल्या बुटक्या दांड्यावर तिची कापडी पिशवी लटकते.

लग्नाआधी सुनंदा तीन वर्षं आंबेगावच्या पश्चिमेला, डिंभे धरणाच्या मागच्या डोंगरात, उपकेंद्रावर नर्स होती. तिथल्या उंबरटाक नावाच्या वाडीत हिराबाईची मुलगी मनीषा सुनंदाच्या हातांवर जन्मली. नावही सुनंदानंच सुचवलेलं. गेल्या वर्षी त्या मनीषाचं लग्न होतं. सुनंदानं दोन महिने बसून गोधडी शिवली होती.

वाडीच्या अलीकडे एक चढण आहे, तिला नाकाड म्हणतात. डोंगराची सोंड सरळ नाकासारखी खाली उतरते आणि रस्ता तिच्यावरूनच वर चढतो. रस्ता म्हणजे मुरूम आणि सुटे दगड. पायथ्याशी सुनंदा म्हणाली, "मी उतरते. इथं सगळे उतरतात." मी म्हणालो, "बस गं. फोर बाय फोर आहे." अर्ध्या चढावर इंजिनानं दोन गचके खाल्ले आणि ते बंद पडलं. गाडी घरंगळत मागे आली आणि करवंदीच्या जाळीत जाऊन बसली. सुनंदा काट्यांतून उतरली, तिनं चाकामागे दगड लावला आणि त्या दगडावरच बसून राहिली. बैलजोडी येऊन आम्हाला ओढेपर्यंत अडीच तास गेले. आम्ही मांडवात पोचलो तेव्हा अक्षता कधीच पडून गेल्या होत्या, लोक जेवून हात धुत होते. मनीषानं सुनंदाच्या गळ्यात पडून रडून घेतलं. सुनंदा मला काहीही बोलली नाही. ती बोलली असती तर फार बरं झालं असतं.

यंदा फेब्रुवारीत हिराबाईचा फोन आला. मनीषा बाळंतपणाला माहेरी आली होती, मुलगी झाली होती. "रविवारी बारा वाजता पाळणा हाय. पोरीला पाळण्याखालून घ्यायला तुमीच पायजे. नर्सबाई, औंदा तरी टायमात या."

सुनंदानं फोन ठेवला आणि मला म्हणाली, "मी शनिवारी एसटीनं घोडेगावला जाते, मैत्रिणीकडे राहते आणि रविवारी तिथल्या बबनच्या वडाप जीपनं वर जाते. तुम्ही तुमच्या गाडीनं या. दोघांतलं एक तरी वेळेवर पोचेल."

त्याच क्षणी मी ठरवलं, की इंजिनाची ताकद वाढवायची आणि रविवारी सुनंदाला माझ्या गाडीत बसवून नाकाड चढायचं. हातात शुक्रवार आणि शनिवार, एवढेच दोन दिवस होते.

शुक्रवार : मंचर

मंचरला हायवेवर गॅरेजांची रांगच आहे. त्यांतल्या एकाची कुणीतरी शिफारस केली होती. त्याचे मालक राहुलशेठ, वय तिशीचं, डोळ्यांवर काळा गॉगल. पुण्यात मेकॅनिक आधी गाडीचं मॉडेल विचारतो. इथं आधी माझं गाव, मग सासुरवाडी, मग सासुरवाडीचं आडनाव विचारून झालं. त्या आडनावाचा एक माणूस त्यांच्या मावशीच्या गावात निघाला, तेव्हा कुठे बॉनेट उघडलं.

"सर, टर्बो बसवा," राहुलशेठ म्हणाले. "गाडी अशी उचलंल ना राव, की मागं बसलेला मागंच राहील."

"चढावर?"

"चढ काय, झाडावर चढवा."

मला पटावं म्हणून त्यांनी स्वतःची टर्बो बसवलेली जीप काढली आणि मला शेजारी बसवलं. मंचरच्या बाजारात बटाट्याच्या पिकअप आणि कांद्याच्या ट्रॉल्या एकमेकींच्या अंगाला घासत उभ्या होत्या. त्यांच्यातून बाहेर पडून मोकळा रस्ता लागला आणि शेठनी पाय दाबला. माझी पाठ सीटला चिकटली, पोट मागच्या सीटवर गेलं आणि डोक्यावरची टोपी उडून मागून येणाऱ्या कांद्याच्या ट्रॉलीत पडली. आम्ही गाडी वळवेपर्यंत ती ट्रॉली मार्केट यार्डाच्या गेटातून आत गेली होती. तिथं तशाच दीडशे ट्रॉल्या उभ्या होत्या. माझी टोपी कांद्याबरोबर लिलावात गेली असणार.

पण मी भारावून गेलो, हे कबूल करतो. गॅरेजवर परत आल्यावर मिसळ मागवली आणि तर्रीनं आलेला घाम पुसत मी म्हणालो, "बसवा."

"बसवू की. पन टर्बो बसला की क्लच टिकायचा न्हाई, तो बदलावा लागंल. क्लच बदलला की गिअरबॉक्स कुरकुर करनार. मंग रेडिएटर मोठा घ्यावा लागंल."

"आणि हे सगळं रविवारपर्यंत?"

राहुलशेठनी गॉगल काढला. डोळे चांगले मायाळू होते. "कुटल्या रविवारपर्यंत, सर? ह्या म्हैन्याचं तर नाव नका काढू."

माझा चेहरा पडलेला बघून त्यांनी दुसरी वाट दाखवली. त्यांचे मामा, आबा, पिंपरी पेंढारला असतात. त्यांच्याकडे मोठ्या पिकअपचं चालू इंजिन पडून आहे. "दुरुस्ती करत बसण्यापेक्षा काळीजच बदला," शेठ म्हणाले आणि त्यांनी मामांना फोन लावला.

शुक्रवारी तिसरा प्रहर : पिंपरी पेंढार

आबा सत्तरीचे, उभट, धोतर आणि पायांत बूट. त्यांनी मला चहा दिला, द्राक्षं दिली, मग पुन्हा चहा दिला. इंजिनाचा विषय काढला की ते म्हणत, "बघू की, पळून जातंय व्हय?" शेवटी ऊन कलल्यावर उठले. इंजिन शेताच्या पलीकडच्या कांदाचाळीत होतं आणि वाट उसाच्या कडेनं जात होती. आबांनी खिशातला मोबाइल काढून भजन लावलं आणि आवाज पूर्ण वाढवला.

"भजनाची आवड दिसते," मी म्हणालो.

"मला न्हाई, बिबट्याला," आबा म्हणाले. "मानूस येतोय ह्ये त्याला कळाया पायजे. आचानक समोर आलं की तो बी घाबारतो, आपुन बी घाबारतो."

त्यानंतर भजनाला सगळ्यात मोठी साथ माझी होती.

कांदाचाळीत गोणपाटाखाली इंजिन होतं. आबांनी गोणपाट वर केलं आणि आतून एक तपकिरी कोंबडी आमच्यावर खेकसली. इंजिनाखाली तेलासाठी ठेवलेल्या ट्रेमध्ये भुसा पसरून ती अंड्यांवर बसली होती. दोन बाजूंना लोखंड, वर छप्पर, पुढे गोणपाटाचा पडदा. मी म्हटलं, तिला हळूच उचलून टोपलीत ठेवता येईल. आबा काही बोलणार, तेवढ्यात मागून त्यांच्या मालकीणबाई आल्या. हातात कोंबडीसाठीच पाण्याची वाटी होती.

"कोन हालवतंय तिला?"

"पावणं पुन्यास्नं आल्यात. इंजन बगाया."

"बगा की. डोळ्यांनी बगा," बाई म्हणाल्या. "हात नका लावू. खुडूक कोंबडी जाग्यावरनं हालली की अंडी टाकती. बारा अंडी हायेत. आज नववा दिस हाय. एकविसाव्याला पिल्लं निघाली की मंग न्या तुमचं इंजन."

मी आबांकडे आशेनं पाहिलं. आबांनी मोबाइलमधलं भजन बंद केलं आणि गंभीरपणे म्हणाले, "आता ह्यावर माजं काय चालत न्हाई."

पुण्यात आमच्या सोसायटीत लिफ्ट दुरुस्त करायची तर सतरा जणांच्या सह्या लागतात आणि तरी ती दुरुस्त होते. इथं एका कोंबडीनं बसल्या जागेवरून माझं इंजिन अडवलं. त्या बाईंचा मला रागही येईना, कारण सुनंदानंही अगदी हेच केलं असतं.

त्याच बाईंनी संध्याकाळी मासवडी केली. मासवडीत मासा नसतो, हे न गेलेल्यांसाठी सांगतो. बेसनाची पोळी थापून तिच्यात तीळ, खोबरं, लसणाचं सारण भरायचं, वळून माशाच्या आकाराच्या वड्या कापायच्या आणि वर झणझणीत रस्सा, सोबत बाजरीची भाकरी. मी पुण्यात दोनदा मासवडी खाल्ली आहे आणि त्या हॉटेलवाल्यांना आता माफ केलं आहे. जेवता जेवता मी आबांना नाकाडाची सगळी हकिगत सांगितली, लग्न चुकल्याचीही. बाईंचा वाढता हात थांबला.

"जिच्या हातावर पोर जल्मली तिलाच अक्षता न्हाई मिळाल्या?" त्या म्हणाल्या. मग आबांकडे वळून, "किसन मिस्त्रीकडं धाडा ह्यान्ला."

शनिवार : निमगाव सावा

किसन मिस्त्री हे आबांचे जुने दोस्त, निमगाव सावाला ट्रॅक्टर दुरुस्त करतात. सकाळी दहाला पोचलो तर गॅरेजला कुलूप. शेजारी म्हणाला, "मिस्त्री आज घाटात घावतील."

घाट म्हणजे डोंगरातला घाट नव्हे. या भागात बैलगाड्यांच्या शर्यतीच्या चढत्या धावपट्टीला घाट म्हणतात. शेजारच्या गावची यात्रा होती आणि माळावर हजारो माणसं जमली होती. चार बैलांचा हलका गाडा, वर हाकणारा कुणी नाही. बैलांच्या पुढे घोडी सुटते, लोक "भिर्रर्र" असं ओरडतात आणि बैल चढावर उधळतात. एका गाड्याच्या अशा एका धावेला बारी म्हणतात. लाऊडस्पीकरवरचा माणूस सेकंद सांगतो, हलगी वाजते, पिवळा भंडारा उडतो आणि पाच मिनिटांत माझा पांढरा शर्ट हळदीचा झाला.

मिस्त्री सापडले तेव्हा ते कपाळभर भंडारा लावून एका बैलाच्या मानेवरून हात फिरवत होते. बैलाचं नाव हरण्या, नावासारखाच सडपातळ आणि डोळे मोठे. मी माझं काम सांगायला तोंड उघडलं, तर ते म्हणाले, "बारी हुईस्तोवर माज्याशी इंजनाचं बोलू नका, पावणं."

बारी झाली. माझ्या घड्याळाचा काटा धड पंधरा सेकंदही सरकला नव्हता आणि हरण्या वर पोचला होता. मीही नकळत "भिर्रर्र" ओरडलो. घसा बसला.

"काय ताकद आहे हो!" मी मिस्त्रींना म्हणालो.

"ही ताकद न्हवं, सर. ह्यो पळ हाय. ताकद बगायची तर घरी चला."

त्यांच्या घरामागे कांदा काढणं चालू होतं. ओल्या वाफ्याच्या कडेला गोण्यांनी भरलेली बैलगाडी उभी होती, चाकं बोटभर रुतलेली. तिला दोन बैल जुंपलेले. त्यांतला डावीकडचा भोळ्या चांगलाच आडवा, मान जाड, पोट सुटलेलं, कुणाकडेही न बघता रवंथ करणारा. मिस्त्रींनी नुसतं "हं" म्हटलं. भोळ्यानं मान खाली घातली, खूर रोवले आणि गाडी अशी निघाली की ती कधी निघाली ते कळलंही नाही. सावकाश, न थांबता, बांधापर्यंत.

"ह्याला घाटात हुबा केला तर लोकं हासतील," मिस्त्री म्हणाले. "आन हरन्याला ह्या गाडीला जुपला तर हरन्या रडंल. त्याला आमी नांगराला कधी लावत न्हाई. आता सांगा, तुमाला नाकाडावर गाडी पळवायचीय का वढायचीय?"

मी पंचवीस वर्षं मुलांना फळ्यावर हाच फरक शिकवतो आहे. परीक्षेत चार मार्कांना येतो. मी खाली मान घालून म्हणालो, "ओढायची आहे."

मग ते जीपकडे आले. बॉनेट उघडलं नाही की इंजिन ऐकलं नाही. चाकं बघून "आगा गा," एवढंच म्हणाले. ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडून आत वाकले आणि दोन सीटच्या मधल्या त्या बुटक्या दांड्याला हात लावला. दांड्याचा गोळा घासून घासून आरशासारखा चकाकत होता. त्याच्यावरची अक्षरं कधीच पुसली गेली होती.

"ह्ये काय वो?"

"ते होय? मिसेसची पिशवी अडकवायची जागा," मी म्हणालो. "गाडी घेतली तेव्हापासून तो दांडा जामच आहे. विकणारा म्हणाला होता, त्याचं काही काम पडत नाही."

मिस्त्री दाराच्या पायरीवर बसले. डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. आधी त्यांचे खांदे हलायला लागले, मग पोट, मग डोळ्यांतून पाणी आलं. आतून त्यांच्या बायकोला हाक मारली, "आगं, भायेर ये, ह्ये ऐक!" तिला ऐकवलं. वाफ्यातल्या बायकांना ऐकवलं. बांधावरून जाणाऱ्या एका पूर्ण अनोळखी माणसाला थांबवून ऐकवलं. भोळ्यानंही रवंथ थांबवून माझ्याकडे पाहिलं, असं मला वाटलं.

"सर," शेवटी ते डोळे पुसत म्हणाले, "ह्योच तुमचा फोर बाय फोर. ह्यो पुढं टाकला की चारी चाकं वढत्यात. आन ह्या खालच्या घरात टाकला की गाडीचा भोळ्या व्हतो. तुमी पाच वर्स नुसत्या मागच्या दोन चाकांवर गाडी हाकली. त्यात ही ढब्बू चाकं घातली, म्हंजी व्हती ती वढ बी घालवली."

"पण मागे लिहिलेलं आहे ना," मी दुबळेपणानं म्हणालो. "मला वाटलं आपोआप होत असेल."

"माज्या गॅरेजवर ‘चोवीस तास सेवा’ असं लिवलंय," मिस्त्री म्हणाले.

मग ते गाडीखाली गेले. दुपारभर डिझेल शिंपडणं, हातोडी मारणं आणि मला जिव्हाळ्याच्या शिव्या देणं चाललं होतं. त्या दांड्याच्या पेटीतून जुनं तेल काकवीसारखं तार धरून खाली आलं. चारच्या सुमाराला ते आतून ओरडले, "हाना!" आणि मी दांडा खेचला. खट. तो बसला. पाच वर्षांत पहिल्यांदा. मला उगाचच भरून आलं.

त्यांनी मला बांधाच्या चढावर दहा वेळा गाडी चढवायला लावली. "चढाच्या आदी थांबायचं, खालच्या घरात टाकायचं, पैला गिअर. मधी गिअर बदलायचा न्हाई. पाय नाचवायचा न्हाई. तिच्या चालीनं जाऊ द्या. तुमी फकस्त बसायचं आन गप ऱ्हायाचं. जमंल?"

"गप राहायचं जमेल," मी म्हणालो.

रविवार : नाकाड

पहाटेच निघालो. घोडेगाव मागे पडलं की कांदा-ऊस संपतात आणि डोंगर अंगावर येतात. डिंभ्याच्या पाण्यावर धुकं होतं. भात कधीच निघून गेलेली खाचरं पायऱ्यापायऱ्यांनी वर चढत गेली होती आणि मधूनच एखादा पांगारा लालभडक फुलला होता. सुंदर होतं सगळं. पण माझं अर्धं लक्ष त्या दांड्यावर होतं, तो पुन्हा जाम तर होणार नाही ना म्हणून.

नाकाडाच्या पायथ्याशी पोचलो तेव्हा साडेदहा झाले होते. बबनची वडाप जीप माझ्या पुढेच उभी होती. आतून चौदा माणसं, दोन शेळ्या आणि एक पाळणा उतरला. इथं कुणी कुणाला उतरा म्हणत नाही. पायथा आला की माणसं आपापलं सामान घेऊन उतरतात आणि चालू लागतात. पायथ्याला चार-पाच दगड ठेवलेले असतात, त्यांना उटी म्हणतात. एक जण उटी उचलून गाडीच्या मागून चालतो. गाडी थांबली की चाकामागे लगेच उटी लावायची. खाली येताना तो दगड परत पायथ्याशी आणून ठेवायचा. गेल्या वर्षी ही सगळी पद्धत माझ्या नजरेसमोर होती आणि मी ‘फोर बाय फोर’ वाचत बसलो होतो.

उतरलेल्यांत सुनंदा होती. मनीषाच्या लग्नात नेसलेलीच हिरवी सहावारी आणि खांद्याला पिशवी. तिनं माझा पिवळा शर्ट पाहिला.

"टोपी कुठंय?"

"मंचरच्या बाजारात विकली गेली," मी म्हणालो. "बसतेस?"

तिनं नाकाडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुम्ही व्हा पुढे."

बबनची गाडी रिकामी होऊन खडखडत वर गेली. मी थांबलो, दांडा खालच्या घरात टाकला, पहिला गिअर घातला आणि पाय काढून घेतला. जीप निघाली. निघाली म्हणजे काय, शेळ्यांनी मला मागे टाकलं. पाळणा डोक्यावर घेतलेली एक आजीबाई खिडकीशी येऊन म्हणाली, "भाऊ, गाडी बिघाडली का?" इंजिन मात्र एका सुरात घुमत होतं आणि चारही चाकं दगड चघळत वर सरकत होती. मी मिस्त्रींनी सांगितल्याप्रमाणे गप बसलो होतो.

करवंदीची जाळी आली. तीच जागा. एक सुटा दगड चाकाखालून निसटला आणि गाडी हलकेच डगमगली. मी आरशात पाहिलं.

मागे सुनंदा चालत होती. पदर खोचलेला, खांद्याला पिशवी आणि दोन्ही हातांत उटी. बबनची गाडी वर पोचली होती, तिला त्या दगडाची गरज नव्हती. तो दगड तिनं माझ्यासाठी उचलला होता. माझ्या चाकापासून दोन पावलांवर, डोळे चाकावर ठेवून, ती एवढा जड दगड घेऊन तो सबंध चढ चालत आली होती आणि मला पत्ताही नव्हता. वर्षभर ती माझ्यावर रुसली आहे असं मी धरून चाललो होतो. गाडी घ्यायची अक्कल नसेल मला, पण त्या आरशात जे दिसलं ते कळण्याइतकी होती. मला स्वतःची फार लाज वाटली आणि तिच्याबद्दल फार प्रेमही वाटलं, दोन्ही एकदम.

जीप थांबली नाही. जाळी ओलांडून ती तिच्या चालीनं वर निघाली. शेवटचं वळण दिसायला लागलं तेव्हा मागे धप्पकन आवाज झाला. सुनंदानं उटी खाली टाकली होती. मग ती गाडीच्या बरोबरीनं आली आणि दाराच्या कडीला हात घातला.

मी ब्रेककडे पाय नेला.

"थांबू नका," ती म्हणाली.

चालत्या गाडीचं दार उघडून, पदर सावरत, त्रेपन्न वर्षांची बाई शांतपणे आत चढून बसली. एवढीच आमची गती होती. बसल्यावर तिचा हात सवयीनं पिशवी अडकवायला मधल्या दांड्याकडे गेला. तिथं माझा हात होता. तिनं माझ्या हाताकडे पाहिलं, दांड्याकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं. आणि तिला सगळं समजलं. पिशवी तिनं मांडीवर घेतली आणि वाडी येईपर्यंत ती हसत होती, आवाज न करता, मिस्त्रींसारखीच, खांद्यांनी.

पाळण्याला पाऊण तास होता. हिराबाईनं आम्हाला बघून अंगणातूनच हाक दिली, "आल्या का वो नर्सबाई, टायमात!" बायकांनी पाळण्यावरून बाळ दिलं आणि पाळण्याखालून सुनंदानं घेतलं. "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या." मनीषा बघत होती. सुनंदानं पिशवीतून स्वतः शिवलेली लाल कुंची काढली आणि बाळाच्या डोक्यावर बांधली. मी दारात उभा राहून घुगऱ्या खात होतो. नंतर नाचणीची भाकरी आणि वरईचा भात झाला, पण चव आठवत नाही, कारण माझं लक्ष सुनंदाकडेच होतं.

उतरताना सुनंदानं नाकाडावर मला थांबवलं. तिनं टाकलेली उटी रस्त्यातच पडली होती. उटी मी उचलून मांडीवर घेतली, तर सुनंदा म्हणाली, "गाडी कोण चालवणार?" मग उटी तिनं स्वतःकडे घेतली आणि पायथ्याशी नेऊन ठेवली.

तर आता स्टाफरूममधल्या त्या प्रश्नाचं उत्तर. टर्बो बसवला नाही. इंजिन बदललं नाही, त्याच्याखालची बारा पिल्लं आता आबांच्या अंगणात फिरताहेत. पुण्याला आल्यावर पहिल्याच रविवारी मी बोहरी आळीत जाऊन एक पितळी हूक आणला आणि सुनंदाच्या सीटसमोर दोन स्क्रूंनी पक्का बसवला. माझ्या गाडीची ताकद वाढवण्यासाठी मी जे काही बसवलं, ते एवढंच. त्याला पिशवी अडकवतात.